नऊ दिवसांचा बर्फ

ओडिलियाने फळी गुडघ्यांवर आडवी धरली आणि ब्रशचा शेवटचा हात फिरवला. दर ऑक्टोबरात ती या फळीला रंग द्यायची. रंग पांढराच लागतो. गडद फळीला ऊन लागलं की वरचा बर्फ वितळतो आणि मोजमापाचे तीनतेरा वाजतात. समोरच्या बाकावर बसलेल्या मुलीला हे सांगायची गरज नव्हती. ती खालून, शहरातल्या बर्फाच्या संस्थेतून आली होती आणि तिच्या मांडीवर ओडिलियाच्या वह्यांच्या झेरॉक्स प्रती होत्या. छत्तीस हिवाळ्यांच्या.

मुलीचं नाव नोएमी. तिने कॉफी नको म्हटलं, मग पाणीही नको म्हटलं. पाहुणा काहीच घेत नाही तेव्हा त्याला काहीतरी अवघड बोलायचं असतं, एवढं ओडिलियाला सत्तर वर्षांत कळलेलं होतं. तिने फळी भिंतीला टेकवली, हात पुसले आणि वाट बघत बसली.

नोएमीने एक कागद पुढे केला. एकवीस वर्षांपूर्वीचा जानेवारी. त्यातल्या नऊ ओळींखाली लाल रेघ होती. चाळीस, पंधरा, पंचवीस, पंचेचाळीस, अडतीस, वीस, बेचाळीस, तीस, पंधरा. नऊ दिवसांत दोनशे सत्तर सेंटिमीटर ताजा बर्फ. खालच्या गावात त्याच नऊ दिवसांत पडला होता अकरा सेंटिमीटर.

"हे अक्षर तुमचं नाही," नोएमी म्हणाली.

ओडिलियाने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला ते आकडे पाठ होते. ती म्हणाली, की त्या दिवसांत ती न्यूमोनियाने अंथरुणाला खिळली होती, तिचा नवरा सेव्हरिन त्याच आठवड्यात वारला होता, आणि शेजारच्या थिओडुलने तिच्या वतीने मोजणी केली होती. त्याला हे काम ठाऊक नव्हतं. त्याला फळी सापडली नसणार, आणि त्याने पट्टी सरळ जुन्या बर्फात खुपसली असणार. दहाव्या दिवशी ती उठून पाहते तो एकूण थर मोजायच्या खांबाजवळ जेमतेम अठ्ठावन्न सेंटिमीटर बर्फ.

नोएमीने मान हलवली. पण ती मान 'हो' म्हणणारी नव्हती.

"तसं असतं तर रोज एकच आकडा आला असता. पन्नास, पन्नास, एकोणपन्नास. जुना बर्फ असा खाली-वर उड्या मारत नाही. तुम्हाला हे माझ्याहून जास्त कळतं."

कळतच होतं. तिला फक्त त्या आकड्यांकडे तसं बघायचं नव्हतं, आणि एकवीस वर्षं तिने ते बघितलं नव्हतं.

काम तसं साधं होतं. नोव्हेंबर ते एप्रिल, रोज सकाळी सातला घरामागच्या कुंपणात जायचं, फळीवर रात्रीतून पडलेला बर्फ पट्टीने मोजायचा, वहीत लिहायचा, फळी झाडून पुन्हा ठेवायची. सात म्हणजे सात. म्हणून छत्तीस वर्षांत ओडिलिया हिवाळ्यात एकदाही गावाबाहेर झोपली नव्हती. आधी हे काम सेव्हरिनकडे आलं होतं, पण तो बर्फावर घसरायला येणाऱ्या पाहुण्यांना डोंगरावर नेणाऱ्या तारेवरच्या पाळण्यांवर मिस्त्री होता आणि सहाच्या ठोक्याला यंत्रघरात हजर असायचा. मग वही तिच्याकडे आली. सेव्हरिन गेला, एकुलता एक मुलगा आमादे दूर बाझेल शहरात स्थायिक झाला, वही राहिली. घरात तिला रोज उठवणारं दुसरं कुणी नव्हतं.

आणि त्या वहीला मान होता. तिच्या गावच्या, ओबरमाटच्या, पर्यटन कचेरीच्या पत्रकात 'केव्हा यावे?' असा एक तक्ता असायचा. तो तक्ता म्हणजे तिची वही. सगळ्यात जास्त ताजा बर्फ: जानेवारीचा तिसरा आठवडा. त्या भरवशावर लोक त्या आठवड्यात खोल्या घ्यायचे, आणि दोन वर्षांतून एकदा खिडकीशी बसून बर्फाऐवजी गवताची टोकं मोजायचे. थिओडुलकडेही भाड्याच्या दोन खोल्या होत्या. तो बिचारा पाहुण्यांना म्हणायचा, काल पडला होता, उद्या पडणार आहे, आजच तेवढी खोटी झाली.

ते नऊ दिवस काढले तर तिसरा आठवडा पाचव्या नंबरावर जातो, असं नोएमी म्हणाली. पण तो प्रश्न पर्यटन कचेरीचा. तिचा प्रश्न वेगळा होता. एवढे मोठे आकडे कारण नसताना वहीत शिरले असतील तर बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवायचा, असं तिचे वरिष्ठ विचारत होते. सोमवारपर्यंत कारण मिळालं नाही तर छत्तीसच्या छत्तीस हिवाळे बाजूला ठेवले जातील.

"बाजूला म्हणजे?"

"म्हणजे मोजण्यात धरणार नाहीत." नोएमीने कागद गोळा केले. तिचे कान लाल झाले होते. "मला एक ओळ द्या, बाई. खरी असेल ती. एक ओळ पुरेल."

ती दुपारच्या गाडीने गेली. ओडिलियाने फळीवर उमटलेला तिच्या बाहीचा डाग पाहिला आणि पुन्हा ब्रश घेतला. मग तो न फिरवताच परत डब्यात ठेवला.

खरं तर त्या नऊ आकड्यांबाबत ती स्वतःही सोवळी नव्हती. ते चुकलेले आहेत हे तिला दहाव्या दिवशीच समजलं होतं. दुसऱ्या कुणाचे असते तर तिने तिथल्या तिथे काट मारली असती. पण थिओडुलने त्या नऊ दिवसांत चूल पेटवली होती, सूप भरवलं होतं, सेव्हरिनला खांदा दिला होता, आणि वर रोज सातला बर्फात जाऊन आला होता. अशा माणसाच्या आकड्यांवर रेघ ओढायची म्हणजे त्याच्या तोंडावर मारल्यासारखं झालं असतं. वहीशी तिने केलेली ती एकच लबाडी. ती तिला कधी टोचली नव्हती.

संध्याकाळी ती शेजारी गेली तेव्हा थिओडुल त्याच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. कांद्याची पात, बटाटे, सफरचंद आणि चीज पिठाच्या पारीत घालून भाजायचं, असा त्यांच्याकडचा पदार्थ. त्याला कॉलरा म्हणतात. कधीकाळी साथ आली, लोकांनी दारं लावून घेतली आणि घरात होतं ते एकत्र करून खाल्लं, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. थिओडुल तो दर बुधवारी करायचा, एकट्यासाठी, आणि शनिवारपर्यंत खायचा. भिंतीच्या अलीकडे ओडिलिया एकटी जेवायची. दोघांच्या घरांत मध्ये एकच भिंत, पण जेवायला ये असं कुणी कुणाला म्हणायचं नाही. गावात जिभा फार, आणि वय झालं म्हणून त्या थकत नाहीत.

"आलीस का? सुरी घे, पात चीर," तो मागे न बघता म्हणाला. "कोण होती ती पोरगी? मला वाटलं तुला शेवटी कुणीतरी मागणी घालायला आलं."

ओडिलिया उभीच राहिली.

"थिओडुल, तुला फळी सापडली होती का रे?"

"कुठली फळी?"

"सेव्हरिन गेला तेव्हा. नऊ दिवस तू मोजायला जात होतास. फळी सापडली होती का?"

त्याच्या सुरीने बटाट्यावर एक पूर्ण फेरी घेतली. साल तुटली नाही.

"न सापडायला काय झालं? पांढरी असली तरी फळीच ती. रोज सापडायची."

"मग तिच्यावर किती होतं?"

"आता मला आठवतंय थोडंच? वहीत असेल बघ."

"वहीत पंचेचाळीस आहे. खालच्या गावात त्या दिवशी दोन सेंटिमीटर. मी तुला विचारतेय, फळीवर किती होतं?"

थिओडुलने बटाटा पाण्यात टाकला. दुसरा घेतला, आणि न सोलताच तोही टाकला. पंचाहत्तरीचा माणूस, कुठल्याही गोष्टीची थट्टा करून वेळ मारून न्यायची त्याला सवय होती. आज त्याला थट्टा सुचेना.

"फळीवर होतं काय मोजायला?" तो शेवटी म्हणाला. "दोन दिवस बोटभर. बाकी दिवस मी रिकामी फळी बघून परत यायचो."

ओडिलियाने खुर्ची ओढली आणि बसली.

त्याने सांगितलं ते फार लांबलचक नव्हतं. सेव्हरिन गेला त्याच सकाळी त्याने आमादेला फोन केला होता. दुपारी परत केला. दुसऱ्या दिवशी, माती देण्याआधी, तिसऱ्यांदा केला. आमादे म्हणाला, मी येणार नाही. बापाने पाच वर्षांपूर्वी त्याला सांगितलं होतं, गावची नोकरी सोडून चाललास तर या घराचा उंबरा पुन्हा ओलांडू नकोस. तर नाही ओलांडत, असं तो म्हणाला. आईबद्दल विचारलं. ताप किती आहे विचारलं. आणि फोन ठेवला.

"आणि इकडे तू. अंगात चाळीस अंश ताप. डोळे उघडलेस की एकच प्रश्न, आमादे आला का. काय सांगणार होतो मी तुला? म्हटलं, रस्ता बंद आहे. खाली दरड आलीये बर्फाची. आगगाडीपण बंद."

"बरं."

"बरं काय बरं? दुसरं माणूस असतं तर तेवढ्यावर झोपलं असतं. तू म्हणालीस, म्हणजे भरपूर पडला असेल, किती आहे आज? मी तोंडाला येईल ते म्हटलं, चाळीस. तर म्हणे लिहिलंस का? वही आण, दाखव." त्याने तळहात एप्रनला पुसले. "मरायला टेकलेली बाई, आणि वही दाखव म्हणते. मग लिहिलं. रोज लिहिलं. एकदा खोटं बोललं की रेटून बोलावं लागतं बाई. नवव्या दिवशी तुझा ताप उतरला, म्हणून थांबलो. नाहीतर गाव गाडलं असतं मी त्या वहीत."

तो हसेल असं वाटलं. हसला नाही.

ओडिलियाला त्या खोलीतली झडपं लावलेली खिडकी आठवली. उशाजवळ उभा असलेला डॉक्टर आठवला. डॉक्टर खालच्या गावचा. तो त्या नऊ दिवसांत दोनदा आला होता, आणि त्याच्या बुटांचा करकर आवाज तिला अजून आठवत होता. बंद रस्त्यावरून तो कसा आला, हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. माणसाला जे मानायचं असतं त्याला पुरावा लागत नाही, आणि जे मानायचं नसतं ते डोळ्यांसमोर बूट वाजवत उभं राहिलं तरी दिसत नाही.

मग तिला दुकान आठवलं. बरी झाल्यावर ती पहिल्यांदा ब्रेड घ्यायला गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली होती, की बिचाऱ्या पोराला बापाचं तोंडही बघता आलं नाही, रस्ताच बंद होता तर तो तरी काय करणार. दुकानात सात-आठ जण होते. एकाने खाली बघितलं, एकीने टोपलीतली अंडी पुन्हा मोजली. रस्त्यावरून रोज ये-जा करणारी माणसं ती. पण अख्ख्या गावाने मिठाची गुळणी धरली, आणि ती गेल्या एकवीस वर्षांत कुणी थुंकली नव्हती. आणि ती मात्र हे वाक्य दर जानेवारीला बोलत आली होती, सेव्हरिनच्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेनंतर, चर्चच्या पायऱ्यांवर, प्रत्येकाला थांबवून.

"मला गावभर हसं केलंस तू," ती म्हणाली.

"कुणी हसलं नाही, ओडिलिया."

"तेच तर. हसले असते तर मला कळलं तरी असतं."

तिला त्याचा संताप आला होता आणि त्या संतापाला धरायला जागा सापडत नव्हती. हा माणूस नऊ दिवस काळोखात उठून रिकामी फळी बघायला गेला होता. गेला नसता तरी आकडे लिहिता आले असते. तिने तसं विचारलंही, की मग जायचास तरी कशाला?

"पडला असला तर खरा आकडा लिहावा म्हणून," तो म्हणाला. "रोज वाटायचं, आज तरी पडेल."

ती जेवायला थांबली नाही. थांब असं तो दोनदा म्हणाला, आणि दार लागल्यावर तिसऱ्यांदाही म्हणाला असावा.

गुरुवार आणि शुक्रवार तिने फळीला रंगाचे आणखी दोन हात दिले. गरज नव्हती. घर नेहमीएवढंच रिकामं होतं, पण आता ते रिकामं आहे हे जाणवत होतं. इतकी वर्षं तिच्या मनात एक आमादे असायचा, खालच्या गावात गाडीत बसून रस्ता उघडायची वाट बघणारा. त्याच्या जिवावर तिने किती हिवाळे काढले होते. तो आमादे आता नव्हता. खरा आमादे दर रविवारी सहाला फोन करायचा, उन्हाळ्यात बायकोमुलांना घेऊन दोन दिवस यायचा, अंगणातल्या बाकावर बसायचा आणि घड्याळ बघायचा. तिने रस्त्याची गोष्ट काढली की उठून गाडीत काहीतरी शोधायला जायचा. त्याने ती गोष्ट कधी खोडली नव्हती. तयार सबब कुणी हातावर ठेवली तर कोण नाही म्हणतं?

शनिवारी तिने वही काढली. शेऱ्याच्या रकान्यात, नऊ ओळींसमोर, तिने आधी शिसपेनने लिहिलं, मग त्यावरून शाईने लिहिलं: 'मोजणारी आजारी. समोरचे आकडे मोजलेले नाहीत. धरू नयेत.' खाली सही केली, तारीख आजची घातली. थिओडुलचं नाव लिहिलं नाही. काट मात्र मारली. नऊ आकड्यांवरून एक सरळ रेघ, पट्टी लावून. त्याची प्रत तिने पाकिटात घालून नोएमीच्या पत्त्यावर टाकली. छत्तीस हिवाळे राहिले. वाटलं होतं तेवढा आनंद झाला नाही.

रविवारी सहाला फोन वाजला. आमादेने तब्येत विचारली, तिने बरी आहे म्हटलं. मुलं बरी होती, बायको बरी होती, बाझेलला पाऊस होता. मग त्याने ऑक्टोबरातला तो प्रश्न विचारला. दर वर्षी विचारायचा. कचेरीत सुट्टी आधी सांगावी लागते, तर यंदा बर्फ केव्हा चांगला असेल? आणि दर वर्षी ती म्हणायची, जानेवारीचा तिसरा आठवडा. त्याच आठवड्यात सेव्हरिनची प्रार्थना असायची, ती तेवढं बोलायची नाही. तो 'बघतो' म्हणायचा. मग डिसेंबरात काहीतरी निघायचं.

"तिसरा आठवडा नाही," ओडिलिया म्हणाली. "तो चुकीचा होता. संस्थेतून एक मुलगी आली होती, तिने दाखवलं."

"चुकीचा म्हणजे?"

"तुझे बाबा गेले त्या वर्षीचे आकडे चुकीचे होते. खालच्या गावात नऊ दिवसांत सगळा मिळून अकरा सेंटिमीटर पडला होता. रस्ता उघडा होता."

पलीकडून काही ऐकू आलं नाही. लाईन गेली असं तिला वाटलं, पण मग त्याच्या घराखालून जाणारी ट्राम ऐकू आली. ती येऊन थांबली आणि निघून गेली.

"हो," आमादे म्हणाला.

ती रडणार नाही असं तिने ठरवलं होतं. ते जमलं. तिने फोनची वायर बोटाला गुंडाळली आणि पुन्हा सोडली.

"तुला कधी कळलं, आई?"

"बुधवारी."

"मी तेव्हा..." तो म्हणाला, आणि पुढे गेला नाही. त्याने दोनदा घसा खाकरला. पन्नाशीला आलेला मुलगा, त्याचा घसा अगदी बापासारखा बसायचा. "मग आता कधी येऊ मी?"

वही समोरच होती. काट मारून, पुन्हा बेरीज करून तिने ते काढूनही ठेवलं होतं: मार्चचा पहिला आठवडा, खाली भक्कम थर, वर ताजा, आणि दिवस मोठे. छत्तीस हिवाळ्यांचं उत्तर होतं ते, आणि चोख होतं.

"शनिवारी ये," ती म्हणाली.

"कुठल्या?"

"येत्या."

"अगं, ऑक्टोबर आहे. बर्फ कुठाय आत्ता?"

"नाहीये. नुसतं गवत आहे. तेही पिवळं."

"मग येऊन करू काय?"

"बसशील," ओडिलिया म्हणाली.